संगणक-नीतीचा तास

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी वगळली आहे.)

शेतमालाचे भाव, सहकाराची अवस्था, कामगार कायद्यांच्या नव्या संहिता अशा विषयांच्या रांगेत ‘विद्यापीठातील संगणक-नीतीचे शिक्षण’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले, हे मला सकाळी चहाच्या वेळीच कळले. एका ज्येष्ठ साथींनी तर सरळ विचारले, “प्राध्यापक, हा इंजिनियरांचा विषय. त्याच्याशी आपले काय देणेघेणे?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणे एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

मी इंजिनियर नाही. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून मी २०२२ साली निवृत्त झालो. सेवेच्या अखेरच्या सहा वर्षांत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नीतीचा आठवड्याला एक तास शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. ते माझ्या योग्यतेमुळे आले, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अर्थशास्त्राच्या तुकड्या रोडावल्या, माझा कार्यभार दोन तासांनी कमी भरू लागला, आणि संगणक विभागात तो तास घ्यायला कोणी तयार नव्हते. आपल्या विद्यापीठांत नीतिशिक्षणाची नेमणूक बहुधा अशीच होते.

हातात आलेला अभ्यासक्रम मी वाचला. दुसऱ्याची आज्ञावली चोरून वापरू नये, परवलीचा शब्द कोणाला सांगू नये, दुसऱ्याच्या यंत्रात शिरू नये, आणि शेवटी २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील शिक्षांची कलमे. माझ्या आधीच्या शिक्षकांच्या टिपणांत तर कलम ६६-अ सुद्धा जागच्या जागी होते. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदविषयी दोन ओळी लिहिल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, ती ज्या कलमाखाली, तेच हे कलम. सर्वोच्च न्यायालयाने ते मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवून रद्द केले. आमच्या वर्गात मात्र ते नीती म्हणून पाठ केले जात होते!

या अभ्यासक्रमात काय आहे यापेक्षा काय गृहीत धरले आहे, ते पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी हा संभाव्य चोर आहे आणि यंत्राचा मालक हा संभाव्य फिर्यादी आहे, हे ते गृहीत. हाच विद्यार्थी उद्या एखाद्या कंपनीत नोकरीला लागेल, त्याने रचलेल्या प्रणालीमुळे कोणाचे धान्य थांबेल, कोणाची मजुरी बुडेल, कोणावर खोटा आळ येईल, या शक्यतेला त्यात एक ओळही दिलेली नव्हती.

मलाही ही गोष्ट प्रारंभी दिसली नव्हती. ती दिसली ती माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीमुळे. ती आधी सांगतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या परीक्षा घरबसल्या झाल्या. विद्यार्थ्यांवर नजर ठेवण्यासाठी एक प्रणाली विकत घेण्यात आली होती. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ती विद्यार्थ्याचा चेहरा पाहत राही. नजर फार वेळ बाजूला गेली, बोलण्याचा आवाज आला, दुसरा चेहरा दिसला, की त्याच्या नावापुढे खूण करी. महाविद्यालयाच्या पाच जणांच्या परीक्षा समितीत मी होतो. एके दिवशी आमच्यापुढे त्रेचाळीस ‘संशयित’ विद्यार्थ्यांची यादी आली. चित्रफिती मागाहून मिळणार होत्या, आणि निकालाची तारीख डोक्यावर होती. आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या आणि त्रेचाळीस निकाल राखून ठेवले गेले.

आठ दिवसांनी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मला भेटायला आली. वडील रिक्षा चालवतात. राहायला दहा बाय बाराची एक खोली. ती भिंतीकडे पाठ करून बसू शकत नव्हती, कारण भिंतीशी खाट होती आणि खाटेवर आजारी आजी. आजी पाणी प्यायला उठून बसली की तिचा चेहरा कॅमेऱ्यात येई. यंत्राने ‘दुसरी व्यक्ती’ अशी अकरा वेळा नोंद केली होती. ती मुलगी रडली नाही, की भांडली नाही. ती एवढेच म्हणाली, “सर, आजीला मी कुठे बसवायला हवं होतं?”

आम्ही चित्रफिती मागवल्या. त्रेचाळीसपैकी एकोणतीस जणांच्या बाबतीत आक्षेप घेण्याजोगे काहीही सापडले नाही. आणि यादी पुन्हा वाचताना ध्यानात आले, ते असे की ज्यांच्या घरी अभ्यासाची वेगळी खोली आहे असा विद्यार्थी त्या एकोणतिसांत जवळपास नव्हताच. यंत्र चोरी मोजत नव्हते, घराचे क्षेत्रफळ मोजत होते. निकाल लागायला दोन महिने गेले, तोपर्यंत त्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपली होती.

आता यात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. कंपनी म्हणाली, आम्ही फक्त खूण करतो, निर्णय समितीचा. समिती म्हणाली, आम्ही निर्णय केला तो यंत्राच्या खुणेवरून. जबाबदारी दोघांच्या मधल्या फटीतून गळून गेली. पुढच्या सत्रात मी ही यादी, नावे काढून, वर्गापुढे ठेवली आणि दोष कोठे आहे ते शोधा म्हणून सांगितले. मुलांनी कॅमेऱ्याचा दोष सांगितला, आज्ञावलीचा सांगितला, कंपनीशी केलेल्या कराराचा सांगितला. शेवटच्या बाकावरच्या एकाने विचारले, “सर, यादीवर सह्या कोणाच्या होत्या?” मी सांगितले, एक माझी होती. त्या दिवसापासून तो तास खरा सुरू झाला, असे मी मानतो.

ज्येष्ठ साथींच्या प्रश्नाकडे आता येतो. हा इंजिनियरांचा विषय आहे का? या विषयाचा आरंभ पाहिला तर तो कामगारांच्या प्रश्नापासून झालेला दिसतो. नॉर्बर्ट वीनर हे अमेरिकेतील थोर गणिती. स्वयंनियंत्रित यंत्रांच्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव त्यांनी दिले. त्या नावाचा त्यांचा ग्रंथ १९४८ चा. युद्धकाळात विमानविरोधी तोफांच्या नेम धरण्याच्या यंत्रणेवर त्यांनी काम केले होते. युद्ध संपल्यावर क्षेपणास्त्रांच्या कामासाठी एका विमान कंपनीच्या शास्त्रज्ञाने त्यांचा जुना निबंध मागितला, तेव्हा त्यांनी तो देण्याचे नाकारले आणि आपले नकाराचे पत्र जानेवारी १९४७ मध्ये छापून प्रसिद्ध केले. ऑगस्ट १९४९ मध्ये त्यांनी आणखी एक पत्र लिहिले. ते होते मोटार कामगारांच्या बलाढ्य संघटनेचे अध्यक्ष वॉल्टर रूथर यांना. एका मोठ्या कंपनीने कारखान्यांत स्वयंचलित यंत्रणा बसवण्यासाठी माझा सल्ला मागितला होता, मी तो दिला नाही. पण मी न दिल्याने काही अडणार नाही, दुसरा कोणी देईल. एकदोन दशकांत ही यंत्रे येतील आणि संघटनेने आत्ताच त्यांचा विचार केला नाही तर बेकारीचे संकट कोसळेल, असा त्या पत्राचा आशय आहे. रूथर यांनी त्या पत्राची दखल घेतली, दोघांची भेटही झाली.

वीनर यांनी नुसते आपले हात धुऊन घेतले असते तरी लोकांनी त्यांना सज्जन म्हटले असते. आपल्या एकट्याच्या नकाराने यंत्र थांबत नाही, हे त्यांनी ओळखले आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्या संघटनेला आगाऊ वर्दी दिली. विद्यापीठांत या विषयाला ‘संगणक-नीती’ हे नाव मिळाले ते पुढे सत्तरच्या दशकाच्या मध्यात, वॉल्टर मॅनर या तत्त्वज्ञानाच्या अध्यापकामुळे. ते वैद्यकीय नीती शिकवत असता संगणक आला की जुने प्रश्न अधिक बिकट होतात, असे त्यांच्या ध्यानात आले. १९८५ साली डेबोरा जॉन्सन यांचे पाठ्यपुस्तक आले. त्यानंतर विषयाला प्रतिष्ठा मिळाली, नियतकालिके निघाली, व्यावसायिकांच्या आचारसंहिता झाल्या. या प्रवासात रूथर यांना लिहिलेले पत्र मात्र मागे पडले. आपल्या अभ्यासक्रमात वीनर यांचे नाव आलेच तर ते शास्त्रज्ञ म्हणून येते.

आणि आपण? येथे थोडे आत्मपरीक्षण करू या. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्यात गणकयंत्र बसू नये म्हणून इमारतीवर दिवसरात्र पहारे दिले. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याचे प्रा. वि. म. दांडेकर, अहवाल १९७२ चा. दारिद्र्य मोजणारा अर्थशास्त्रज्ञच यंत्रांचा प्रश्न पाहायला बसवला गेला, ही नेमणूक त्या काळाची समज दाखवते. १९८३ साली बँकांत यांत्रिकीकरणाविषयी संघटनांशी करार झाला, पाठोपाठ रंगराजन समितीचा अहवाल आला. मी तेव्हा एम.ए.चा विद्यार्थी होतो आणि बँक कर्मचाऱ्यांच्या द्वारसभांना आवर्जून जात असे. त्या सभांतील भाषणे मला आठवतात. ‘एक यंत्र किती कारकुनांची जागा घेईल?’ हा एकच प्रश्न होता. तो खोटा नव्हता. पण खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल, खात्यात चूक झाली तर त्याने जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न मी एकाही सभेत ऐकला नाही, आणि मीही विचारला नाही. नोकऱ्यांचा प्रश्न करारांनी काही अंशी सुटला. खिडकी मात्र बंद झाली, आणि तिच्यामागे कोण आहे हे आता कोणालाच सांगता येत नाही.

बंद खिडकीचे सर्वांत भयंकर उदाहरण इंग्लंडमधले आहे. मी ते वर्गात तीन तास शिकवीत असे. १९९९ पासून ब्रिटिश पोस्टाने आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. खेड्यापाड्यांतील पोस्टाच्या शाखा तेथे पुष्कळदा दुकानदार चालवतात. किराणा मालाचे दुकान, त्याच्या एका कोपऱ्यात पोस्ट. प्रणाली आल्यावर काही शाखांत संध्याकाळी हिशेब जुळेना, हजारो पौंडांची तूट दिसू लागली. करार असा, की तूट शाखाचालकाने भरून द्यायची. लोकांनी पदरचे भरले, घरे गहाण टाकली. मदतीसाठी दूरध्वनी केला की पुष्कळांना सांगण्यात येई, असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे. पोस्टाला स्वतः फौजदारी खटले चालवता येत. २०१५ पर्यंत नऊशेंहून अधिक जणांना अपहार, चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत शिक्षा झाल्या; त्यांपैकी सुमारे सातशे खटले खुद्द पोस्टाने चालवलेले. काही जण तुरुंगात गेले, त्यांत एक गर्भवती स्त्रीही होती. २०२५ च्या जुलैत चौकशी आयोगाच्या अहवालाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. किमान तेरा जणांच्या आत्महत्यांचा संबंध या प्रकरणाशी असू शकतो, असे त्यात नोंदवले आहे.

दोष प्रणालीत होते. शिवाय शाखाचालकाच्या नकळत बाहेरून त्याच्या हिशेबात फेरफार करता येत होता, आणि ही गोष्ट वर्षानुवर्षे नाकारली गेली. अॅलन बेट्स नावाच्या एका शाखाचालकाने वेल्समधील एका गावातून एकेक समदुःखी शोधत संघटना उभी केली. ५५५ जणांचा दावा उच्च न्यायालयात उभा राहिला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणाली विश्वासार्ह नव्हती असे म्हटले. पुढे २०२४ साली संसदेला कायदा करून शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या.

वर्गात मी विद्यार्थ्यांना विचारी, न्यायाधीशांनी एवढी वर्षे विश्वास कसा ठेवला? याचे उत्तर कायद्यात आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये संगणकाचा पुरावा द्यायचा तर यंत्र नीट चालत होते हे तो पुरावा देणाऱ्याने दाखवावे लागे. ती तरतूद १९९९ च्या कायद्याने गेली आणि यंत्र नीटच चालते असे गृहीत धरले जाऊ लागले. म्हणजे ज्याच्यापाशी प्रणालीची एकही किल्ली नाही त्या दुकानदाराने यंत्र चुकले हे सिद्ध करायचे! एका विद्यार्थिनीने यावर फार नेमके सांगितले. ती म्हणाली, आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की दोष नसलेली आज्ञावली नसतेच. आणि न्यायालय म्हणते, दोष नाही असे धरून चाला. मग आमच्या पाठ्यपुस्तकातले पहिले वाक्य न्यायाधीशांना कोण सांगणार? माझ्या मते संगणक-नीतीचा अर्धा अभ्यासक्रम त्या प्रश्नात आहे.

होरायझनमध्ये आज्ञावली चुकीची होती, म्हणून विद्यार्थ्यांना एक पळवाट मिळते. चांगली आज्ञावली लिहिली असती तर झाले, असे ते म्हणतात. त्यासाठी मी ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घेई, आणि तेथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला थोडा आनंदही मिळे, कारण मामला सरासरीचा आहे.

तेथे बेकारांना मिळणारे साहाय्य दर पंधरवड्याच्या उत्पन्नावरून ठरे. २०१५ नंतर सरकारने जादा दिलेली रक्कम वसूल करण्यासाठी एक योजना आणली. लोक तिला ‘रोबोडेट’ म्हणू लागले. कर खात्याकडून माणसाचे वर्षाचे उत्पन्न घ्यायचे, त्याला सव्वीस पंधरवड्यांनी भागायचे आणि जो आकडा येईल तो प्रत्येक पंधरवड्याचे उत्पन्न मानायचा. आपल्याकडचे ऊसतोडणीचे कुटुंब डोळ्यांपुढे आणा. मोसमाच्या तेरा पंधरवड्यांत समजा त्याने १ लाख ३० हजार रुपये मिळवले, म्हणजे पंधरवड्याला १० हजार. उरलेले अर्धे वर्ष घरी, हाताला काम नाही. यंत्र भागाकार करून म्हणते, तुम्हाला वर्षभर दर पंधरवड्याला ५ हजार मिळत होते; बिनकामाच्या दिवसांत घेतलेले साहाय्य परत करा, नाहीतर कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या आणून दाखवा. भागाकार अचूक आहे. आज्ञावली एका ओळीची आहे, तिच्यात दोष काढता येत नाही. चार लाखांहून अधिक लोकांवर बेकायदा कर्जे लादली गेली. २०१९ च्या अखेरीस सरकारला न्यायालयात माघार घ्यावी लागली. जुलै २०२३ मध्ये शाही आयोगाने अहवाल दिला. अशा वसुलीला कायद्याचा आधार नाही, असा खात्याच्या कायदेतज्ज्ञांचा सल्ला योजना सुरू होण्यापूर्वीच, २०१४ साली, फायलीत होता, हे त्या चौकशीत उघड झाले. भागाकार करणारा तंत्रज्ञ निर्दोष, असे तुम्ही म्हणाल का? माझ्या वर्गात यावर दरवर्षी दोन तट पडत आणि मी ते मिटवण्याच्या भानगडीत पडत नसे.

परदेशाची उदाहरणे देऊन थांबलो तर ते सोयीचे होईल. आपल्या घरात पाहू. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणारे महाराष्ट्र हे राज्य. २००५ चा केंद्रीय कायदा त्याच वाटेने आला. हजेरीपटात खोटी नावे असतात, ही तक्रार जुनी आणि खरी. तिच्यावर उपाय म्हणून जानेवारी २०२३ पासून कामांवर मोबाइलमधून हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचे छायाचित्र काढून पाठवायचे. जेथे संपर्कजाल पोचत नाही त्या डोंगरावर दिवसभर माती उपसलेल्या बाईचे छायाचित्र चढले नाही, की तिचा दिवस बुडाला. मजुरांनी दिल्लीत जाऊन दीर्घकाळ धरणे धरले. आणि ज्यांना रोखायचे होते त्यांचे काय झाले? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिले, की असंबद्ध छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्रांचीच छायाचित्रे काढून पाठवली जात आहेत. चोराला वाट सापडली, मजुराला सापडली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. तो आज माझा विषय नाही. पण या हजेरीचा अनुभव कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पाठात नाही, याची मला चिंता वाटते.

रेशनचेही तसेच. सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. आधारशी न जोडल्यामुळे कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली होती, ती भुकेने गेली असे आईने सांगितले. मृत्यू हिवतापाने झाला, असे सरकारचे म्हणणे. पुढच्याच महिन्यात केंद्राच्या अन्न विभागाने पत्रक काढले, की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये. नियम चांगला आहे. मी २०१९ साली माझ्या वर्गाला सहा-सहाच्या गटांनी जवळच्या रेशन दुकानांत एक सकाळ उभे केले. पाहा, लिहा, कोणाला उपदेश करू नका, एवढीच सूचना. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे, बांधकामावरच्या मजुरांचे अंगठे उमटत नव्हते. एक म्हातारी चौथ्यांदा आली होती. दुकानदाराला नियम ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण एका मुलाने परत येऊन लिहिले ते मी जपून ठेवले आहे. त्याचे म्हणणे असे, की नियमात अपवाद आहे, पण त्या दुकानातल्या यंत्राच्या पडद्यावर अपवादाची कळ कोठे आहे ते दुकानदारालाही सापडली नाही. तेव्हा ज्याने पडदा रचला त्याने नियम बदलला, आणि त्याला ते कोणी विचारले नाही. विधिमंडळात न होता पडद्यावर होणारे कायदे! आपण कार्यकर्ते विधेयके वाचतो, पडदे वाचत नाही.

अर्थात वर्गात सगळे असे मनाजोगे घडत नसे. हुशार आणि प्रामाणिक विद्यार्थी एक आक्षेप घेत, आणि त्यावर तत्त्वज्ञानाचे पुस्तक फारसे उपयोगी पडत नाही. ते म्हणत, “सर, हे सगळं पटतं. पण गिऱ्हाईक जे मागेल ते करून द्यायचं, ही आमची नोकरी. मी नाही म्हटलं तर शेजारच्या खुर्चीवरचा करील, आणि माझ्या घराचे हप्ते कोण भरणार?” वीनर यांनाही हेच दिसले होते, फरक एवढा की त्यांच्यामागे नामांकित संस्थेची प्राध्यापकी होती.

याला मी दोन हकिकतींनी उत्तर देत असे. १९७० साली अमेरिकेतील पोलरॉइड कंपनीत कॅरोलिन हंटर ही रसायनशास्त्रज्ञ आणि केन विल्यम्स हा छायाचित्रकार, हे दोघे कृष्णवर्णीय कर्मचारी, यांच्या दृष्टीस कंपनीत पडलेला दक्षिण आफ्रिकेच्या ओळखपत्राचा एक नमुना पडला. कृष्णवर्णीयांना बाळगावी लागणारी ‘पासबुके’ ज्या झटपट छायाचित्रांनी बनत, ती आपल्याच मालाची, हे त्यांना उमगले. त्यांनी सहकाऱ्यांची चळवळ उभारली, बहिष्काराची हाक दिली. दोघांची नोकरी गेली. सात वर्षांनी, १९७७ साली, कंपनीला तेथील व्यवसाय बंद करावा लागला. दुसरी हकिकत २०१८ ची. गुगलमधील सुमारे चार हजार कर्मचाऱ्यांनी सह्या करून लष्करी ड्रोनच्या चित्रांचे विश्लेषण करण्याच्या कराराला विरोध केला आणि कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही, असे तत्त्वही जाहीर केले. २०२५ च्या फेब्रुवारीत ते तत्त्व कंपनीने गुपचूप म्हणावे असे वगळून टाकले. सह्यांची लाट तोवर ओसरली होती.

यातून मी विद्यार्थ्यांना सांगे, की तुम्ही एकट्याने हुतात्मा व्हावे अशी माझी अपेक्षा नाही, आणि तशी ती ठेवण्याचा अधिकार निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला नाही. पण सदसद्विवेकाला संघटनेचे हाड लागते. पुण्या-बंगळुरूच्या काचेच्या इमारतींत काम करणारे लाखो तरुण स्वतःला कामगार म्हणवून घेत नाहीत, आणि आपणही त्यांना कामगार म्हणून कधी हाक मारली नाही. पगार मोठा म्हणून ते आपले नव्हेत, असे आपण ठरवून टाकले. डॉ. लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत. आज यंत्र इतके लहान झाले आहे की ते प्रत्येकाच्या खिशात आहे. मालकी मात्र इतकी मोठी झाली आहे की ती चारपाच कंपन्यांत मावते. या गाठीचा विचार करणारा तरुण त्या काचेच्या इमारतीतच भेटेल. तो आपल्या कार्यालयात आपणहून येणार नाही.

हा विषय शिकवावा कसा, याविषयी थोडेच सांगतो. सक्तीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका करा, अशी मागणी आता होऊ लागली आहे आणि आपल्या विद्यार्थी संघटनेनेही तसा ठराव केल्याचे मी ऐकतो. मला तिची भीती वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करायला सांगितले. पुढे पदवीला तो विषय आला. आज त्याच्या प्रकल्पाची वही बाजारात तयार मिळते, मुले नाव घालून देतात, आणि नदी होती त्याहून काळी झाली आहे. हार्वर्डमध्ये २०१७ पासून एक वेगळी रीत चालू आहे. तेथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक संगणकशास्त्राच्या नेहमीच्याच वर्गांत येतात आणि त्या त्या पाठाशी निगडित नीतीचा प्रश्न तेथेच चर्चेला घेतात. ही रीत मला पटते, परंतु एक भर घालून. माहितीसाठ्याची रचना शिकवताना वर्गात तत्त्वज्ञ यावाच, पण ज्याचे नाव त्या साठ्यातून गळले तो शिधापत्रिकाधारकही यावा, आणि त्याला येण्याजाण्याचे भाडे व बुडालेल्या रोजाची भरपाई व्याख्यात्याच्या मानधनासारखी मिळावी. माझ्या काळात एकदा मी हे मागितले. लेखा विभागाने पाहुण्याची शैक्षणिक अर्हता विचारली. असो.

येथे आपला संबंध येतो, साथींनो, आणि मला आपल्याकडून नेमके एक काम हवे आहे. आपण तालुक्याला, वस्तीत असता. धान्य न घेता परतलेला माणूस, निवृत्तिवेतन थांबलेली विधवा, मजुरी न चढलेला मजूर आधी तुमच्याकडे येतो, आमच्याकडे नव्हे. तुम्ही त्याचा अर्ज लिहून देता आणि तहसीलला नेता. तो निकाली निघाला की विसरता. यापुढे एक वही ठेवा. तारीख, वार, दुकान किंवा कार्यालय, यंत्राच्या पडद्यावर उमटलेले शब्द जसेच्या तसे, मग ते इंग्रजीत असले तरी अक्षरे पाहून उतरवून घ्या, आणि ‘मी काय करू’ असे विचारल्यावर खिडकीवरच्या माणसाने दिलेले उत्तर. नाव त्या माणसाच्या संमतीनेच लिहा, आणि महाविद्यालयात वही दाखवताना ते झाकून दाखवा. आपणच कोणाची माहिती उघड्यावर टाकू नये. मग जवळच्या महाविद्यालयात जा आणि संगणक विभागाच्या प्रमुखांना सांगा, की हे तुमच्या पाठातले प्रश्न आहेत. दहांतले आठ जण चहा देऊन वाटेला लावतील. माझा अनुभव असा, की उरलेल्या दोघांना स्वतःलाच विषयाची खोच असते आणि ते वही ठेवून घेतात.

निवृत्तीनंतर माझ्या भागात अशा दोन वह्या भरल्या आहेत. त्या मी येथे आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवतो. जेवणाच्या सुट्टीत पाहून घ्या. विशेषतः दुसऱ्या वहीतली निवृत्तिवेतनाची पाने, कारण त्यांतले पडद्यावरचे तीन संदेश आम्हाला अजून कोणाकडूनही उलगडून मिळालेले नाहीत.